काळं पडू द्या की!

वीकेंड किचन

सांगा बरं, खाण्याच्या एखाद्या गोष्टीसाठी तुम्ही शेवटचे चार दिवस कधी थांबलात? भूक लागली की फोन, फोन ठेवला की बेल! दूध, अंडी, कोथिंबीर, रात्री पावणेबाराला आइस्क्रीम... सगळं काही मिनिटांत दारात. ऑफिसात डेडलाइन आणि घरी डिलिव्हरी. मधे थांबायला जागाच नाही.

म्हणून या वेळचा आपला पाहुणा जरा वेगळा आहे. त्याला घाई नावाची गोष्ट माहीतच नाही. तुम्ही बॉस असा नाहीतर बॉसचे बॉस, तो तयार होईल तेव्हाच होईल. आणि तयार झाला की दिसेल असा, की तुमचा रूममेट त्याला दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्याकडे निघेल! पाहुण्याचं नाव राजेळी केळं. आणि या वीकेंडचा मेनू, भरली केळी.

पदार्थ एकदम सोपा आहे. ओव्हन नको, मिक्सर नको, पीठ मळणं नको. एक पसरट तवा, एक झाकण आणि साजूक तूप असलं की झालं. पंचवीस-तीस मिनिटांचं काम. पण ही तीस मिनिटं सत्कारणी लागायची असतील तर आधीचे चार-पाच दिवस केळ्याला त्याच्या मर्जीवर सोडावं लागतं. भरली केळी गॅसवर क्वचितच बिघडतात. ती बिघडतात बाजारात आणि फ्रिजमध्ये! म्हणून आज रेसिपीच्या आधी थोडं ट्रेनिंग.

ओळख परेड

ऑफिसच्या कँटीनमध्ये किंवा स्टेशनबाहेरच्या गाडीवर मिळतं ते केळं बहुतेक वेळा कॅव्हेंडिश गटातलं असतं. आपल्या जळगावच्या बागा याच जातींवर चालतात. गुळगुळीत, पातळ सालीचं, सोललं की लगेच खाण्याजोगं. ते भरायला गेलात तर तव्यावर त्याचा शिकरणीसारखा लगदा होईल. वेलची केळं चवीला लाख, पण भरायला फारच छोटं.

राजेळी म्हणजे वेगळंच प्रकरण. वीतभर लांब, जाड सालीचं, अंगावर स्पष्ट कंगोरे आणि टोकाला नाक काढलेलं. आतला गर पांढरा नाही, पिवळसर केशरी. हिरवं असताना इतकं कडक की बटाट्यासारखं चिरावं लागतं. केरळात याच गोतातल्या केळ्याला नेंद्र म्हणतात. तुम्ही येताजाता जे पिवळेधमक केळ्याचे वेफर्स फस्त करता ना, ते कच्च्या नेंद्रचेच.

आपल्याकडे राजेळीचं माहेर म्हणजे वसईचा पट्टा आणि कोकण. वसईची सुकेळी ऐकली असतील. पिकलेली राजेळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. मधासारखी गोड आणि चिवट. आजीच्या पिढीतल्या लोकांना नुसतं नाव काढलं तरी पाणी सुटतं तोंडाला. गोव्यात गेलात तर बार्देशातल्या मयड्याची मोठी केळी विचारा. ती शिजवून खायलाही छान.

मिळतात कुठे? मुंबईत माटुंग्याच्या बाजारात हमखास. शिवाय मुंबई असो वा पुणे, जिथे केरळी दुकान आहे तिथे छताला घड टांगलेले दिसतातच. वसईहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना 'राजेळी आणाल का?' असं दोन दिवस आधी सांगून ठेवलंत तर त्या आणतातही. केरळी दुकानात गेल्यावर एक शब्द लक्षात ठेवा : पळम. पळम म्हणजे पिकलेलं. 'नेंद्र पळम' म्हणालात की दुकानदार तुमच्याकडे जरा आदराने बघेल. नुसतं 'काया' म्हणालात तर हातात कच्चं पडेल!

फ्रिजला हात लावू नका

आता मुख्य मुद्दा. केळी घरी आणली की आपण काय करतो? शहाण्यासारखी फ्रिजमध्ये ठेवतो. इथेच पदार्थ संपतो.

कच्च्या केळ्यात असतो स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग. केळं पिकताना स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्याच्या इशाऱ्यावर आतली एंझाइम्स त्या स्टार्चची साखर करायला लागतात. सोबत गर मऊ होतो, वास सुटतो, सालीचा हिरवा रंग जातो. नेहमीच्या केळ्यात हे काम झटपट होतं आणि शेवटी स्टार्च जवळजवळ उरतच नाही. राजेळीत ते सावकाश चालतं आणि पूर्ण पिकल्यावरही थोडा स्टार्च शिल्लक राहतो. म्हणूनच राजेळी तव्यावर उभं राहतं! साखर आहे म्हणून बाहेरून खमंग तांबूस होतं आणि स्टार्च आहे म्हणून आकार सोडत नाही. भरली केळी याच दोन गोष्टींच्या जोरावर होतात.

साधारण 13 अंशांच्या खाली गेलं की केळ्याला थंडी बाधते. फ्रिज असतो 4-5 अंशांवर. तिथे साल दोन दिवसांत काळी पडते, पण आत पिकण्याचं काम थांबलेलं असतं. म्हणजे बाहेरून म्हातारं, आतून कच्चं. चिरलं की खडखडीत आणि तुरट. तेव्हा केळी ठेवायची ओट्याच्या कोपऱ्यात किंवा फ्रिजच्या वर. आत नाही, वर!

उलट बाहेर ठेवलेलं केळं काळं पडतं ते पिकत गेल्यामुळे. तो काळा रंग सालीचा आहे, गराचा नाही. आंब्याला सुरकुती आली की आपण खूश होतो ना? 'आता खरा गोड झाला' म्हणतो. मग केळ्यावरच हा अन्याय का?

हे तक्ते फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा :

हिरवं : वेफर्स, काचऱ्या, भाजी. भरण्याच्या फंदात पडू नका.

पूर्ण पिवळं : वाफवून खायला उत्तम. केरळात पुट्टूबरोबर हेच नाश्त्याला असतं.

पिवळ्यावर काळे ठिपके : वाफवून, कुस्करून, त्याची पारी करून सारण भरायला.

अर्धं पिवळं, अर्धं काळं आणि दाबल्यावर किंचित दबणारं : अख्खं भरायला. आपलं टार्गेट हेच!

जवळजवळ सगळं काळं, पण वास गोड : हलवा, शिरा, घावन. भरायला उशीर झालाय, फेकायला मात्र नाही.

साल फुटून पाणी सुटलंय, आंबूस वास येतोय किंवा बुरशी दिसतेय : आता मात्र निरोप द्या.

रविवारी हिरवट पिवळी केळी आणलीत तर साधारण शुक्रवार-शनिवारी ती तयार होतात. उन्हाळ्यात लवकर, डिसेंबरात उशिरा. फारच घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या सफरचंदाबरोबर ठेवा. सफरचंदही इथिलीन सोडतं, त्यामुळे एखाद-दुसरा दिवस वाचतो. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून मात्र नको. आत घाम धरतो आणि देठाकडून बुरशी येते.

आणि नुसत्या पिवळ्या रंगावर भाळू नका. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर आपल्याकडे बंदी आहे, तरी ते वापरल्याच्या बातम्या येतच असतात. साल एकसारखी लिंबासारखी पिवळी, देठ मात्र हिरवागार आणि वास काहीच नाही, असा घड दिसला तर तो न घेतलेलाच बरा.

आपली घरची भरली केळी

कोकणात आणि मुंबईतल्या अनेक जुन्या मराठी घरांत हा पदार्थ होत आलाय. नारळ, गूळ, वेलची. म्हणजे मोदकाचंच सारण म्हणा ना! फक्त उकडीची कटकट नाही, कळ्या पाडणं नाही. ज्यांचे मोदक दर गणपतीत फुटतात त्यांच्यासाठी तर ही लॉटरीच आहे.

साहित्य (तिघांसाठी) : 3 राजेळी केळी, 1 वाटी खवलेला ओला नारळ, पाव वाटीहून थोडा जास्त चिरलेला गूळ, अर्धा चमचा वेलचीपूड, 8-10 काजूंचे तुकडे, चमचाभर बेदाणे, चिमूटभर मीठ, 3 चमचे साजूक तूप.

कृती : आधी सारण. चमचाभर तुपात काजू गुलाबी करा, बेदाणे टाका, ते फुगले की नारळ आणि गूळ घाला. आच मंद ठेवा. गूळ विरघळून सारण ओलसर पण एकत्र येणारं झालं की गॅस बंद. चार-पाच मिनिटं पुरतात. फार कोरडं केलंत तर थंड झाल्यावर खडखडीत होतं. वेलची आणि मीठ शेवटी. मीठ विसरू नका, गोडाला उठाव त्यानेच येतो.

आता केळी सोला. फार लांब असतील तर मधोमध दोन तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला उभी चीर द्या, पण दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी जागा सोडून. सुरी आरपार जाऊ द्यायची नाही. दोन्ही अंगठ्यांनी चीर हलकेच उघडा. आत मधोमध काळपट दोरा दिसेल, तो सुरीच्या टोकाने काढलात तर सारणाला जागा होते. सारण चमच्याने भरा, बोटाने दाबा. ठासून भरायचा मोह टाळा, नाहीतर केळं तव्यावर दोन भागांत राजीनामा देईल.

पसरट तव्यात उरलेलं तूप गरम करा. केळी चीर वर ठेवून मांडा, झाकण ठेवा, आच मंद. पाच मिनिटांनी झाकण काढून एका कुशीवर वळवा, मग दुसऱ्या. दोन चपटे उलथने वापरलेत तर तुटणार नाहीत. सगळ्या बाजूंनी तांबूस डाग आले, कडेला तूप आणि साखर मिळून चकाकायला लागली की झालं. एकूण बारा-पंधरा मिनिटं. या वेळात किचनला जो वास सुटतो, त्याने शेजारचा फ्लॅटसुद्धा 'काय केलंय आज?' म्हणून डोकावतो.

गरम खा. वर नारळाचं घट्ट दूध ओतलंत तर सुभानल्लाह! आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा ठेवायचा असेल तर ठेवा, आजी रागावणार नाही.

कन्नूरहून थेट व्हिडिओ कॉल

हाच पदार्थ केरळच्या मलबार भागात, म्हणजे कन्नूर, तलश्शेरी, कोझिकोडकडच्या मापिला मुस्लिम घरांत आणखी ठसक्यात होतो. त्याचं नाव पळम निरच्चद. शब्दशः अर्थ बघा, भरलेलं केळं! केळं अख्खंच भरतात, पण चीर मैद्याच्या घट्टसर पेस्टने बंद करतात आणि मग तुपात किंवा तेलात सगळ्या बाजूंनी फिरवत तळतात. सारणात खोबरं, साखर, काजू, बेदाणे, वेलची. मैद्याच्या सीलमुळे आतलं काही बाहेर येत नाही. आपल्या पहिल्या रेसिपीत केळी फार उघडत असतील तर हीच युक्ती वापरा. दोन चमचे मैदा, थोडं पाणी, बस्स.

पण मलबारचा खरा हीरो आहे उन्नक्काया. रमजानात इफ्तारच्या ताटात तो असणारच. उन्नक्काया म्हणजे खरं तर कापसाच्या झाडाचं, शेवरीसारख्या झाडाचं बोंड. दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे फुगीर असा हा पदार्थ अगदी त्या बोंडासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

आमच्या ऑफिसात कन्नूरची एक मैत्रीण आहे. तिच्या डब्यातला उन्नक्काया खाल्ल्यापासून मी रेसिपीसाठी तिच्या मागे लागले होते. शेवटी एका संध्याकाळी माझ्या ओट्यासमोर उभं राहून तिने थेट तिच्या उम्माला व्हिडिओ कॉल लावला. उम्माला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही. मैत्रीण दुभाषी. मी वहीपेन घेऊन तयार. पहिला प्रश्न, केळी किती मिनिटं वाफवायची?

उम्माने उत्तरच दिलं नाही. म्हणाली, "केळं दाखव."

फोनसमोर केळं धरलं. तिने चष्मा वर केला, बघितलं, "वळव" म्हणाली. वळवलं.

"आज नाही. उद्या."

एवढंच. मग तिने मुलीला जेवलीस का विचारलं, पाऊस आहे का विचारलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा कॉल. पुन्हा केळं कॅमेऱ्यासमोर. या वेळी तिने मान डोलावली. "हं. आता लाव."

मिनिटांचा हिशोब तिने नंतर दिला, पण तिच्या लेखी तो दुय्यम होता. केळं कुठल्या दिवसाचं आहे हे एकदा बघितलं की पुढचं सगळं तिला दिसत होतं. तिच्याकडून घेतलेली रेसिपी ही अशी :

साहित्य (10-12 नग) : 2 मोठी नेंद्र, पिवळ्यावर थोडे ठिपके आलेली आणि अजून घट्ट. सारणासाठी अर्धी वाटी ओला नारळ, 2-3 चमचे साखर, काजू, बेदाणे, वेलची, चमचाभर तूप. हवं असेल तर एक अंडं. तळायला तेल.

कृती : केळ्यांचे सालीसकट दोन-तीन तुकडे करून दहा-पंधरा मिनिटं वाफवा. साल सुटायला लागली की झालं. पाण्यात उकळू नका, पाणी पितात. गरम आहेत तोवर सोला, मधला काळा दोरा काढून टाका आणि थेंबभरही पाणी न घालता गुठळी राहणार नाही असं कुस्करा. सारण वरच्यासारखंच परतायचं. अंडं घालणार असाल तर साखरेबरोबर फेटून नारळात ओता आणि भुर्जीसारखं मोकळं करा. बिचकू नका, चव मस्त लागते.

हाताला तूप लावून लिंबाएवढा गोळा घ्या, तळहातावर चपटा करा, मधे चमचाभर सारण ठेवा, कडा जुळवा आणि दोन्ही तळव्यांत फिरवून टोकदार करा. मध्यम आचेवर तपकिरी होईपर्यंत तळा. गोळा हाताला चिकटत असेल तर चमचा-दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळा. त्याहून जास्त पीठ लागायला लागलं तर समजा, केळं उम्माने नापास केलं असतं!

बघा, दोन पदार्थ आणि दोन वेगळे दिवस. उन्नक्कायाला केळं लागतं ठिपक्यांचं, भरल्या केळ्याला त्याच्या दोन दिवस पुढचं. एकाच घडातली दोन केळी बुधवारी वापरा, उरलेली शुक्रवारी. घड एक, पार्ट्या दोन.

पुरण भरलेलं केळं? हो, ग्वाटेमालात!

आता जरा लांब जाऊ. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात 'रेयेनितोस' नावाचा पदार्थ रस्त्यावर आणि घरोघरी मिळतो. पिकलेली मोठी केळी उकडायची, कुस्करायची, पारी करायची, सारण भरून लांबट गोळे तळायचे आणि वर साखर भुरभुरायची. थेट उन्नक्कायाचा जुळा भाऊ! फरक सारणात. तिथे आत जातात शिजवून घोटलेल्या काळ्या घेवड्याच्या बिया, साखर आणि दालचिनी घालून. काही जण थोडं चॉकलेटही घालतात.

बीन्स गोड करून आत भरायचे, हे ऐकून नाक मुरडलंत? मग पुरणपोळीत आपण काय करतो हो? शिजवलेली डाळ, गोड करून, पारीत! घरी करून बघायचा असेल तर राजमा मऊ शिजवून, गाळणीतून घोटून, साखर-दालचिनीबरोबर पुरणासारखा आटवा. चमचा उभा राहिला की झालं.

गंमत म्हणजे केळं मुळात अमेरिकेचं नाहीच. त्याचं मूळ आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडचं. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदोच्या नोंदीनुसार 1516 मध्ये तोमास दे बेर्लांगा नावाच्या धर्मगुरूने कॅनरी बेटांवरून केळीची रोपं कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर नेली. तिथून पुढे ती पसरत गेली. आज प्वेर्तो रिकोमध्ये हेच पिकलेलं केळं भाजून, चिरून, त्यात खिमा आणि चीज भरतात आणि त्याला म्हणतात 'कानोआस', म्हणजे होड्या. गोड केळं आणि तिखट खिमा. नॉनव्हेजवाल्यांनो, हा वीकेंड प्रोजेक्ट तुमच्यासाठी! सोयाचे दाणे किंवा पनीर भुर्जी भरूनही होड्या छान तरंगतात.

तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

केळं चिरल्यावर आतून कडक निघालं तर? तसंच भरू नका. सालीसकट पाच-सात मिनिटं वाफवून घ्या आणि मग भरा. चव थोडी कमी गोड असेल, सारणात गूळ वाढवा.

फार मऊ निघालं तर? भरण्याचा नाद सोडा. तुपात परतून, नारळ-गूळ-वेलची त्यातच ढवळून हलवा करा. पाहुण्यांना सांगायचं, 'मेनूच हा होता'.

केळी तयार झाली आणि बॉसने शनिवारी बोलावलं तर? आता, आणि फक्त आता, फ्रिज वापरा. पूर्ण पिकलेलं केळं दोन दिवस फ्रिजमध्ये राहतं. साल आणखी काळी होईल, होऊ द्या.

डाएट? 100 ग्रॅम राजेळीत साधारण 120 कॅलरी असतात, वर नारळ, गूळ आणि तूप. तेव्हा हे सॅलड नाही, गोड आहे. एक खा, मजेत खा आणि दुसरं कुणाला तरी द्या.

पण एवढं कशासाठी?

कुणी म्हणेल, एका केळ्यासाठी इतका घोळ? तयार मिठाई मिळते की!

मिळते. पण राजेळी मिळेलच, असं मात्र नाही. वसईचा पट्टा एकेकाळी केळीच्या बागांसाठी ओळखला जायचा. मग शहर तिकडे सरकलं. 1980च्या दशकाच्या शेवटी तिथल्या लोकांनी बागा आणि पाणी वाचवायला 'हरित वसई' चळवळ उभी केली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्यात पुढे होते. तरीही पुढच्या काळात बागांच्या जागी इमारती येत गेल्या. आज सुकेळी करणारी घरं मोजकीच उरली आहेत. केरळात चित्र वेगळं आहे. त्रिशूरकडच्या चेंगळीकोडन नेंद्रला भौगोलिक मानांकन आहे, ओणमच्या आदल्या दिवशी गुरुवायूरच्या मंदिरात त्याचे सोनेरी घड वाहिले जातात आणि ओणमच्या पानावर कच्च्या नेंद्रचे वेफर्स, गुळातले तुकडे आणि पिकलेल्याचं प्रथमन असं सगळं असतं. तिथे घरोघरी ते रांधलं जातं, म्हणून शेतात ते लावलं जातं. साधं गणित आहे. ज्या केळ्याचं काय करायचं हे गिऱ्हाइकाला माहीत नाही, ते विकणारी आज आणते, उद्या आणत नाही. आणि परवा शेतकरी ती जात लावायची सोडतो.

आपल्या पिढीपुरतं आणखी एक. फ्लॅटमध्ये दोघं-तिघं राहतो, किचन असतं चहा आणि नूडल्सपुरतं. आई फोनवर विचारते, 'काही करून खाता का रे?' आपण म्हणतो, 'हो, हो.' एखादी गोष्ट आपण रोज सकाळी उठून बघतोय, दाबून बघतोय, 'आज नाही, उद्या' म्हणतोय, याची सवयच गेली आहे. ती रेसिपीच्या व्हिडिओत सापडत नाही, कारण व्हिडिओत केळं नेहमी तयारच असतं. कन्नूरच्या उम्माला ती कुणी शिकवली नसणार. घरात केळी होती आणि बघणारं कुणीतरी होतं, एवढंच. तुमच्याही घरी आई, आजी, काकू यांच्यापैकी कुणाला तरी केळं नुसतं बघून दिवस सांगता येत असेल. या आठवड्यात त्यांना व्हिडिओ कॉल लावा आणि केळं दाखवा. बघा, कसा अर्धा तास निघतो!

तर प्लॅन पक्का. रविवारी चार राजेळी आणायची. फ्रिजच्या वर ठेवायची. शेजारी चिठ्ठी लावायची, 'फेकू नये, खराब नाहीत!' शुक्रवारी नारळ खवायचा. शनिवारी संध्याकाळी मित्रांना बोलवायचं आणि गरमागरम केळी थेट तव्यावरून ताटात वाढायची. एखादा नक्की विचारेल, 'हे काय, कुठून मागवलं?'

त्याला खुशाल सांगा, सोमवारपासून चाललंय!

भेटूया पुढच्या वीकेंडला.